चहा आला की दाबायचे बटण

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, भोपाळचे कितीतरी पुढारी माझ्या पोटातून गेले आहेत. पचला एकही नाही.

माझा जन्म दिल्लीकडच्या एका कारखान्यात झाला. मला विकत घेतले ते नरहरकाकांनी. नोकरीसाठी नागपूरहून आलेले हे काका इंद्रपुरीजवळच्या मोठ्या कारखान्यात टेक्निशियन होते. दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात राहिलेल्या या माणसाला जुन्या माणसांचे शांतपणे ऐकायचे होते. वसाहतीत मराठी शाळा कोणी काढली, वाचनालयाला जागा कोणी मिळवून दिली, निवडणुकीत कोण कसे जिंकले. "ही माणसं गेली की इतिहास गेला," असे ते म्हणत.

रविवारी एकेक थोर व्यक्ती घरी येई. शाळा काढणाऱ्या कुसुमताई मुलांच्या आठवणीने रडल्या. माजी नगरसेवक श्रीकांतराव स्वतःच्याच आठवणीने रडले. मी दोघांनाही सारखेच मन लावून टिपले.

काकांची एक शिस्त होती. लीलाकाकू चहा घेऊन आल्या की ते चटकन माझे पॉजचे बटण दाबत. "इतिहासात कपबशा नकोत," म्हणत. काकू पाहुण्यांची चौकशी करत, चिवड्याचा आग्रह करत, खळखळून हसत. त्या आत गेल्या की मी पुन्हा सुरू. मलाही ते बरोबरच वाटे. यंत्राला काय, दाबले की थांबायचे.

पुढे वसाहतीतल्या मराठी मंडळाने काकांचा सत्कार केला. काकांना शाल मिळाली, मला रेक्झिनचे कव्हर. काकूंना सत्काराला आलेल्या सगळ्यांचा चहा करायला मिळाला.

मग एका हिवाळ्यात काकू गेल्या. तेव्हा घरात साधा फोन होता. तो बोलणे पोहोचवी, जपून ठेवत नसे. काका कोलार रोडला मुलीकडे राहायला आले आणि मी माळ्यावर, आकाशकंदिलाशेजारी. वर्षे गेली. माझ्या पोटातला रबरी पट्टाही विरघळला.

मागच्या महिन्यात काका जेवता जेवता थांबले.

"मधुरा, मला तुझ्या आईचा आवाज आठवेनासा झालाय गं."

मधुराची पोळी तव्यावर करपली. "बाबा, कॅसेट्स आहेत ना! आई घरातच तर असायची!"

मला खाली काढले. न्यू मार्केटमधून नवा पट्टा आणला. मित्रांनो, मी इतका खूश होतो! दोघे माझ्यापुढे बसली. कॅसेट लागली. थोरांचे बोलणे, बांगड्यांची किणकिण, पाहुण्यांचे "या वहिनी", आणि खट्. पुन्हा थोरांचे बोलणे.

"पुढची लाव," काका म्हणाले.

खट्.

"पुढची."

शेवटची कॅसेट श्रीकांतरावांची. "वहिनी, शक्कर जरा ज्यादा..." खट्. "तर नाल्याच्या प्रश्नावर मी ठामपणे..."

मधुराने मला बंद केले. "काय म्हणाली होती आई?"

"'दोन चमचे घातलीय, आधी ढवळून तर घ्या भाऊजी.' शब्द सगळे आठवतात गं."

"मी म्हणून दाखवू?"

तिने म्हटले. काकांनी मान तिरकी करून ऐकले, मुलाखतीत ऐकत तसे.

"नाही. तुझा आवाज माझ्या आईवर गेलाय. तुझी आई नेहमी चिडून हेच म्हणायची."

दोघे हसली. आधी काकांचे हसू थांबले.

मित्रांनो, थोरामोठ्यांचे जरूर ऐका. पण मध्येच कोणी चहा घेऊन आले, तर बटणाला हात लावू नका. नाल्याचा प्रश्न थांबेल थोडा. तो अजून तिथेच आहे.

आता रोज दुपारी काका तीच कॅसेट लावतात. श्रीकांतराव साखर मागतात, खट् होते. तिथे काका मला थांबवतात आणि थोडा वेळ स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहतात.