बोरीच्या गिरणीतली स्पॅनिश

हातात दळण आणि डोळे फोनमध्ये, ही कुठली रीत म्हणायची? आमच्या भुजंगाची लेक राजेश्री हल्ली अशीच वागते. मित्रांनो, मी एक जुनी पिठाची गिरणी आहे, बोरीची. शाळा मी फक्त लांबून ऐकली, पण अर्ध्या गावाची हाडं माझ्या पिठावर पोसली आहेत. एवढं बोलायचा मला हक्क आहे.

भुजंगाच्या वडिलांनी मला बैलगाडीतून आणलं, दगडांना छिन्नीनं टाकी लावून घेतली. त्या काळी बायका डबे घेऊन रांगेत बसायच्या आणि माझ्या पिठाची भाकरी फुगतेच म्हणायच्या. आता घरोघरी छोट्या चक्क्या आल्या. माझ्याजवळ बसते ती एकटी राजेश्री.

ती फोनवर स्पॅनिश शिकते. परीक्षा पास झाली तर पुण्यात भाषांतराचं काम मिळणार आहे. पण शब्द काही डोक्यात राहीनात. मग तिला कळलं, की या भाषेला एक म्हातारी आई आहे, लॅटिन. आईचे शब्द लेकीच्या तोंडात दळून मऊ झाले. दुधाला आई म्हणायची लाक्तेम, लेक म्हणते लेचे. आईची रात्र नोक्तेम, लेकीची नोचे. मला लगेच पटलं. दळलं की बारीक निघणारच. पुढं आईचा आठ आला, ओक्तो. पोरगी उत्तर न बघताच म्हणाली, ओचो. बरोबर निघालं.

त्या आनंदात तिनं, अजून माझ्याकडंच दळण आणणाऱ्या नर्मदाबाईंची उपासाची भगर ज्वारीच्या मागोमाग तशीच माझ्यात ओतली. मित्रांनो, उपासाचं दळण टाकण्याआधी दगड झाडायचे असतात. त्यात दुसऱ्याचं व्रत असतं. एकादशीला नर्मदाबाईंना पहिल्याच घासाला ज्वारी लागली. त्या आल्या आणि डबा आपटला. भुजंगानं लेकीचा फोन काढून घेतला, परीक्षाबिरीक्षा बंद म्हणाला. परीक्षा त्याच दुपारी होती, त्याच फोनवर.

राजेश्री खाली बसून आपटलेल्या डब्यातलं पीठ गोळा करू लागली. नर्मदाबाईंनी तिच्याकडं पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला.

“भुजंगा, दे तिचा फोन. उपास माझा मोडलाय, देवाचं मी बघते. तू पोरीचं शिकणं कामून मोडायलास?”

फोन मिळाला, तरी पोरगी उठेना. ब्रश घेऊन माझे दगड झाडत राहिली, कडेकडेनं, टिपं गाळत. इतक्या मायेनं कुणी झाडलं की दगडालाही बोलावंसं वाटतं. मी बोललेच.

“राजे, तू धांदरट हाईस, पण मठ्ठ न्हाईस. झाडलंस तेवढं पुरे. ऊठ, तोंड धू आन् परीक्षेला बस.”