दांडा निसटला नव्हता

मी हातचक्की. गहू दळते. बिडाची आहे, अंगानं जाड आणि बोलायला फटकळ. माझ्या पोटात दातेरी चकत्यांची जोडी आहे, तिच्यात जे सापडेल त्याचा भुगा होतो. आत काय घालायचं हे दांडा फिरवणाऱ्यानं बघायचं असतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझ्यावर आळ येणार आहे.

जन्म आगीतला. ओतशाळेत लाल रस वाळूच्या साच्यात ओतला, निवल्यावर हातोड्यानं साचा फोडला आणि कानशीनं माझी कड खरवडली. कुणी कुरवाळलं नाही. मला त्याची हौसही नाही.

अमेरिकेतल्या यूटाच्या ज्या खोऱ्यात मी आयुष्य काढलं, तिथे माणसांपेक्षा टर्की पक्षी जास्त. आर्डिथच्या लग्नात सासूनं मला आहेर म्हणून दिलं. बाकीच्या बायकांनी रजया दिल्या, काचेची भांडी दिली. सासू म्हणाली, "तळघरात वर्षाचा गहू भर, आणि ही टेबलाला आवळून बसव. जग बुडालं तरी माझ्या मुलाच्या घरात पाव भाजला गेला पाहिजे." मॉर्मन पंथातल्या बायका अशाच. जग बुडणार हे धरून चालायचं आणि पीठ तयार ठेवायचं. मला हे आवडलं.

आर्डिथचा नवरा थेन टर्कीच्या कारखान्यात मान कापायच्या जागेवर होता. दिवसभर सुरी चालवायची आणि संध्याकाळी जेवताना देवाचे आभार मानायचे, तेही इतक्या मऊ आवाजात की आर्डिथला हसू फुटायचं.

"पक्ष्यांशीपण असंच बोलतोस का रे?"

"छे. त्यांना इतकं बोलत बसलो तर ते आधी कंटाळून मरतील."

असेही दिवस होते, खोटं कशाला सांगू. दोन मुली झाल्या. थोरली कायलीन आणि धाकटी ट्विला.

ट्विला अकरा वर्षांची असताना तापली. मान ताठली, उजेड सोसेना. इस्पितळात न्यायच्या आधी थेननं तिला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं आणि शेजारच्या व्हर्लला हाक मारली. त्यांच्यात आजाऱ्याच्या डोक्यावर तेलाचा थेंब लावायचा, दोघा पुरुषांनी हात ठेवायचे आणि एकानं आशीर्वाद द्यायचा असतो. घोकलेले शब्द नसतात. त्या घटकेला देव मनात जे घालेल ते बोलायचं. व्हर्लनं तेल लावलं. थेन बोलला, "ट्विला, तू बरी होशील. मोठी होशील, मंदिरात तुझं लग्न होईल, तुला मुलं होतील. देवाच्या नावानं सांगतो."

खोलीत सगळे रडले. गाडी निघाली. पाचव्या दिवशी पोर गेली.

कुणी गेलं की तिथे चीज घालून भाजलेल्या बटाट्यांचे डबे येतात. माझ्या टेबलावर तेव्हा अकरा डबे आले. डबा ठेवणारी प्रत्येक बाई म्हणायची, "सिस्टर, देवानं दिलेला शब्द खोटा नसतो. तिचं लग्न आता वर होईल." आर्डिथ डबे घेत राहिली. पण सगळे गेल्यावर तिनं थेनला विचारलं, "हात ठेवलास तेव्हा तुला ऐकू आलं होतं, की तू आपला बोललास?"

थेननं तिच्या तोंडात मारली. लाखो माना कापलेला हात तो. ती माझ्यावर येऊन आदळली आणि माझ्या दांड्यानं तिची भुवई फाटली. मग त्यानंच ओला फडका आणला, त्यानंच रक्त पुसलं, आणि मऊ आवाजात म्हणाला, "असं पुन्हा विचारू नकोस."

तिनं सहा वर्षं विचारलं. रोज नव्हे, पण विचारलं. आणि त्यानं सहा वर्षं मारलं. पट्ट्यानं मारलं, कोपरानं मारलं, एकदा गोठलेल्या मांसाच्या तुकड्यानं मारलं. तीही काही गाय नव्हती. एका रविवारी तिनं पीचची बरणी त्याच्या कपाळावर अशी फोडली की त्याला सात टाके पडले. चर्चमध्ये तो म्हणाला, "तळघरात फळी पडली." लोक हसले, "ब्रदर थेन, साठवण जरा कमी करा!"

महिन्याच्या पहिल्या रविवारी ती मंडळी उपास करतात, आणि ज्याला वाटेल तो उभा राहून आपल्या श्रद्धेची साक्ष देतो. थेन दर महिन्याला उभा राहायचा. आर्डिथ बसून असायची. कायलीननं घरी येऊन सांगितलं म्हणून मला ठाऊक. "आई, सगळे तुझ्याकडे बघतात गं."

"बघू देत. माझ्याकडे नवी टोपी आहे."

आता माझ्याजवळचं गुपित सांगते. थेन कधीकधी पहाटे एकटा दळायला बसायचा. दांडा गरागरा फिरवत पुटपुटायचा, "बोल ना. एकदा तरी बोल. त्या दिवशी बोलला होतास की नाही?" विश्वास आधी त्याचा गेला होता. बायकोच्या तोंडून त्याला स्वतःचाच प्रश्न ऐकू यायचा, आणि तो त्या तोंडावर मारायचा. म्हणून काय झालं? वळ तर तिच्याच अंगावर उठले. मला त्याची कीव करायला सांगू नका.

मग कायलीनचं लग्न ठरलं. मुलगा डॅरिन, दोन वर्षं धर्मप्रचार करून आलेला, कान मोठे, स्वभाव सरळ. लग्न मंदिरात. मंदिर म्हणजे दर रविवारचं चर्च नव्हे, तिथे आत जायला कार्ड लागतं. बिशप एकेकाला बसवून ठरलेले प्रश्न विचारतो, उत्तरं नीट असतील तर सही करतो. कार्ड नसेल तर पोटच्या मुलीच्या लग्नातही आईला दाराबाहेर थांबावं लागतं. आर्डिथच्या कार्डाची मुदत संपली होती.

तिला ते लग्न बघायचं होतं. दुसरं काही नको होतं. एक मुलगी पुरून झाली होती, दुसरीला पांढऱ्या कपड्यांत गुडघे टेकताना बघायचं होतं. त्या आठवड्यात ती दळताना मोठ्यानं उत्तरांचा सराव करायची. "हो. हो. माझा विश्वास आहे." आणि थुंकायची.

शनिवारी दोघं मिळून दळत होते. थेन दांड्यावर होता, ती माझ्या तोंडात गहू सोडत होती. गहू अडकला. तिनं दोन बोटं आत घातली. "थांब जरा," म्हणाली. तो थांबला.

"उद्या बिशपला काय सांगणार?" त्यानं विचारलं.

"खरं ते."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मला माहीत नाही. आणि तुलाही माहीत नाही."

त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं. बोटं कुठे आहेत ते पाहिलं. आणि दांडा फिरवला.

मी काय करू शकत होते? मला पाय नाहीत. मधल्या बोटाचं पेर माझ्या दातांत करकरलं, अंगठीचं बोट नखापर्यंत सोललं. ती ओरडली तशी त्या घरात ट्विलाच्या मरणालाही कुणी ओरडलं नव्हतं. इस्पितळात त्यानं सांगितलं, "दांडा निसटला." दांडा निसटला नव्हता. तो कसा फिरतो, किती जोर लागतो, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? ते पीठ आर्डिथनं दुसऱ्या दिवशी डाव्या हातानं उचलून कोंबड्यांना टाकलं. कोंबड्यांनी चाटूनपुसून खाल्लं.

रविवारी ती बिशपकडे गेली नाही, म्हणून सोमवारी बिशपच आला. बिशप म्हणजे आता तोच शेजारचा व्हर्ल; त्यांच्यात मंडळीतल्याच कुणाला तरी काही वर्षांसाठी बिशप नेमतात. गोठ्यातून थेट आलेला, रबरी बूट दाराबाहेर काढून, मोज्यांवर. थेनला म्हणाला, "ब्रदर, तुम्ही अंगणात थांबा. हे बोलणं एकेकट्याचं असतं." थेन गेला. खिडकी उघडी होती.

प्रश्न सुरू झाले. देवावरच्या प्रश्नाला आर्डिथ थांबली.

"बिशप, मला माहीत नाही."

व्हर्लनं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "विश्वास ठेवायची इच्छा आहे, एवढं म्हणाल? मी इच्छेवरही सही करीन. सिस्टर, मुलीचं लग्न आहे."

मंदिराचं दार उघडत होतं. एक शब्द बोलली असती तर ती आत असती. तिनं ओठ उघडलेसुद्धा.

"तुम्हीही होता त्या दिवशी," ती म्हणाली. "ट्विलाच्या डोक्यावर तुमचाही हात होता. तुम्हाला काही ऐकू आलं?"

"नाही," व्हर्ल म्हणाला. "मला वाटलं, थेनला आलं असेल."

"इच्छाही नाही उरली, बिशप. म्हटलं असतं तर खोटं झालं असतं. या घरात तेवढ्याला आता जागा नाही." मग तिनं पट्ट्या बांधलेला हात टेबलावर ठेवला. "घरच्यांशी कसे वागता, असाही एक प्रश्न असतो ना? थेननं मागच्या महिन्यात त्याला काय उत्तर दिलं?"

"सगळं ठीक आहे, म्हणाले."

"मग माझं कार्ड राहू द्या. त्याला तो प्रश्न पुन्हा विचारा."

व्हर्ल उठला आणि तसाच मोज्यांवर अंगणात गेला. "थेन, घरच्यांशी तुमचं वागणं—"

"दांडा निसटला, बिशप! शपथेवर सांगतो."

"दांड्याचं मी विचारलंच नव्हतं," व्हर्ल म्हणाला. मग हात पुढे केला. "कार्ड द्या."

थेन आत आला तो माणूस म्हणून आला नाही. त्यानं मला धरून असा हिसडा दिला की टेबलाची फळी फाटून माझ्याबरोबर आली. वीस शेर बीड मी. त्यानं मला डोक्यावर उचललं आणि आर्डिथच्या दिशेनं फेकलं. ती खाली बसली. मी तिच्या केसांवरून गेले, भिंतीवर आपटले, आणि माझ्या तोंडाचा काठ फुटून चुलीखाली गेला. तो पुन्हा धावला, पण मागून व्हर्लनं त्याला मिठी घातली. चाळीस वर्षं आडदांड गायींना आवरलेले हात ते. दोघं बरण्यांच्या फळीवर कोसळले, पाकातल्या पीचमध्ये आणि काचेत लोळले. व्हर्लचं नाक फुटलं. थेन खाली दाबला गेला तरी लाथा झाडत होता आणि ओरडत होता, "तुझाही हात होता! तुझाही होता! तो काही बोलला नव्हता! मीच बोललो! मीच बोललो!"

हे ऐकायला आर्डिथनं सहा वर्षं मार खाल्ला होता. ती भिंतीला टेकून उभी होती. रडली नाही. तिनं फोन उचलून आधी शेरीफला बोलावलं, मग बहिणीला.

ती मला घेऊन बहिणीकडे राहायला गेली ती परतली नाही. कायलीन दोन दिवस धुमसत होती. "लग्न तोंडावर आलंय, आणि तुम्ही दोघं बाहेर? आई, एक 'हो' म्हटलं असतंस तर काय बिघडलं असतं?" आर्डिथनं तिला बोटांवरची पट्टी सोडून दाखवली. पोरगी मोरीत जाऊन ओकली. मग म्हणाली, "मी मंदिरात नाही जात. अंगणात करू."

"तुझा विश्वास आहे?"

"आहे."

"मग आत जा. माझ्यामुळे बाहेर थांबू नकोस. थांबलीस तर एक ठेवून देईन."

लग्नाच्या दिवशी मी आर्डिथच्या ट्रकमध्ये पुढच्या आसनावर होते, अंगावर लाल फीत. आर्डिथला सासूनं दिलेला आहेर आता तिच्या मुलीला जायचा होता. काच खाली होती. मंदिराच्या बागेत कठडा आहे, त्याच्या एका टोकाला आर्डिथ बसली, दुसऱ्या टोकाला जामिनावर सुटलेला थेन. मधून नवरानवरींचे फोटो काढणारे लोक जात होते. थेन एकदा उठून चार पावलं तिच्याकडे आला.

"आपण दोघांनी आत असायला हवं होतं," म्हणाला.

"तिथेच थांब," ती म्हणाली. "आणखी एक पाऊल टाकलंस तर माझ्या डाव्या हाताला अजून पाच बोटं आहेत." तो परत जाऊन बसला.

कायलीन बाहेर आली. पांढरा झगा, लालभडक डोळे. सरळ आईकडे आली. "आत तुझी खुर्ची रिकामी ठेवली होती," म्हणाली. "मला सारखी दिसत होती."

"मग मी तुझ्या लग्नात होते की," आर्डिथ म्हणाली, आणि आपला तुटका हात तिच्या गालावर ठेवला. पोरीनं तो दूर केला नाही.

आता मी कायलीनच्या ओट्यावर आहे. फुटक्या काठातून थोडा गहू सांडतो, पण दळते झकास. परवा डॅरिननं माझ्यावरून हात फिरवत विचारलं, "हिला काय झालं गं? पडली का?"

कायलीन लहानपणापासून 'फळी पडली', 'पाय घसरला' ऐकत वाढली. मी वाट बघत होते.

"नाही," ती म्हणाली. "बाबांनी आईला फेकून मारली."

डॅरिनचा हात माझ्यावरच थांबला. मग त्यानं खुर्ची ओढली आणि म्हणाला, "सगळं सांग." तिनं सांगितलं, पाव भाजून होईपर्यंत सांगितलं. मी ऐकत होते. एकही शब्द खोटा नव्हता. बायांनो, तुमच्या घरातल्या मुक्या वस्तूंना सगळं ठाऊक असतं, पण आम्हाला साक्ष देता येत नाही. तेवढं तुम्हीच करा.