अकरा नंबरच्या प्लॉटचे झेंडे

"झेंड्याला हात लावायचा नाही. त्याच्याखाली सोन्याचा हंडा पुरलेला असला तरी नाही," मुकादम पहिल्याच दिवशी म्हणाले. मी मान डोलावली आणि दुपारपर्यंत त्यांचं नाव 'झेंडेकाका' ठेवून मोकळी झाले.

कृषिविद्येच्या तिसऱ्या वर्षाची उन्हाळी इंटर्नशिप होती ती. संशोधन केंद्राच्या शेतावर मक्याचे चोवीस प्लॉट. रोज सकाळी पट्टी घेऊन रोपांची उंची मोजायची, पानं मोजायची, वहीत उतरवायचं. ज्या प्लॉटवर कीटकनाशक फवारलं असेल, त्याच्या चारी कोपऱ्यांत लाल झेंडे लागत. दोन दिवस आत पाऊल टाकायचं नाही. पाट्या का नाही लावत, असं मी विचारलं, तर काका म्हणाले, "पाटी तुला वाचता येते. खुरपणाऱ्या बायकांना रंग वाचता येतो."

त्या बायकांतल्या एक मावशी मला 'वहीवाली' म्हणायच्या. "काय गं वहीवाली, तू मोजतेस म्हणून मका वाढतो का? मग माझ्या नातीलाही मोज, जेवतच नाही मेली." मी हसले की आणखी एक टोमणा यायचा, "हस, हस. पायाला माती लागू न देता शेती शिकतेस, कमाल आहे बाई तुझी."

अहवालासाठी फोटो हवे होते. अकरा नंबरच्या प्लॉटवर आदल्या संध्याकाळीच फवारणी झाली होती. फोटोत ते लाल झेंडे असे काही डोळ्यांत भरायचे की पानांकडे लक्षच जाईना. दोन मिनिटांचा तर प्रश्न, म्हणून मी चारही उपटले आणि बांधावर आडवे ठेवले. तेवढ्यात सूर्य ढगाआड गेला. उजेडाची वाट बघत थांबले, तर इंटर्नशिपच्या मार्गदर्शक सरांचा फोन आला. कालचे आकडे जुळत नाहीत, लगेच ऑफिसात ये. मी वही घेऊन पळाले आणि तासभर पंख्याखाली आकडे तपासत बसले. झेंडे डोक्यातून साफ गेले.

आरडाओरडा ऐकून बाहेर आले, तेव्हा मावशी अकरा नंबरच्या कडेला पडल्या होत्या. घामाने निथळत होत्या, उलट्या थांबत नव्हत्या. काकांनी त्यांना उचलून जीपकडे नेलं. सगळे त्यांच्यामागे धावले.

मी उलट्या दिशेने धावले. बांधावरचे झेंडे उचलले आणि एकेक करून त्याच भोकांत खोचले.

मावशी वाचल्या. आठवड्याने केंद्रप्रमुखांच्या खोलीत चौकशी झाली. काकांनी सांगितलं, "झेंडे जागच्या जागी होते, दवाखान्यातून परत आल्यावर मी स्वतः पाहिले." मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. "नव्हते साहेब. लाल दिसल्यावर मी मरायला कशाला शिरेन?"

साहेब माझ्याकडे वळले. "सकाळी तू तिथेच होतीस ना?"

"हो सर. झेंडे होते."

सकाळी होतेच की, असं मी मनाला समजावलं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, तेच तर सहन होत नाही. म्हणाल्या, "वहीवाली म्हणते म्हणजे असतील. मीच आंधळी झाले असेन."

दुसऱ्या दिवसापासून त्यांना कामावर घेतलं नाही. माझ्या अहवालाला पहिला नंबर मिळाला.

याला सहा वर्षं झाली. आता मला अडीच वर्षांची लेक आहे. द्राक्षं मी चार पाण्यांनी धुते. नवरा म्हणतो, "द्राक्षांचं न्हाणं आटपलं असेल तर लेकीलाही न्हाऊ घाल." तो हसतो, मी पाचवं पाणी घेते. त्याला मी काही सांगितलेलं नव्हतं. मागच्या आठवड्यात सांगितलं. तो हसायचा थांबला आणि एवढंच म्हणाला, "मग अजून इथे काय करतेस?"

लेकीला कडेवर घेऊन काकांकडे गेले. ते आता निवृत्त झालेत. सगळं ऐकून म्हणाले, "मी तिला तोंडावर आंधळी म्हणालो होतो गं." मावशींनी दोनदा डोळे तपासून घेतले, असं त्यांनीच सांगितलं. चष्मासुद्धा लागला नाही. तरी रस्ता ओलांडताना नातीचा हात धरायच्या, पायरी उतरताना आधी पाय चाचपडून बघायच्या. मुलाची बदली झाली तशा त्याच्यासोबत गेल्या. कुठे, ते काकांना ठाऊक नाही.

केंद्राला मी सगळं लेखी कळवलंय. पण तो कागद फाइलमध्ये जाईल, मावशींपर्यंत कसा पोचणार? म्हणून इथे लिहितेय. तुमच्या आसपास अशी कुणी बाई राहायला आली असेल, जिभेने तिखट, डोळे ठणठणीत, तरी रस्त्याच्या कडेला कुणाच्या तरी हाताची वाट बघत उभी राहणारी, तर आजच जरा तिच्या दारात डोकावून या. मावशी, बऱ्या आहात ना, एवढं विचारा.