आमची काहीएक तक्रार नाही

पाच वाजता मीटिंग, तीन वाजून गेलेले, आणि आमचे मामा फोनवर मला म्हणतात, "तनुजा, आधी चहा पी."

चहा! मी लातूरला घरी बसून एका क्लाउड कंपनीचं काम करते. सर्व्हर उभा करायचे तयार साचे आम्ही बनवतो, त्यांना इमेज म्हणतात. त्यातली बत्तीस बिटची जुनी इमेज, आणि तिच्यावर चालणारे सगळे सर्व्हर, एकतीस मार्चला बंद करायचं घाटत होतं. जुनं लोढणं किती दिवस गळ्यात ठेवायचं, असं मीच सहा महिन्यांमागं ठणकावून बोलले होते. मग ग्राहकांची यादी आली आणि तिच्यात आमच्या व्यंकटमामांचं नाव!

मामा भोकरला असतात. कंपाउंडर म्हणून रिटायर झाले आणि आता एक नंबर चालवतात. साप चावला की त्यावर फोन लावायचा. सापाचं इंजेक्शन आज जवळ कुठल्या दवाखान्यात शिल्लक आहे, ते मशीन सांगतं. नाहीतर लोक या दवाखान्यातून त्या दवाखान्यात पळतात आणि माणूस वाटेतच जातो. मामांची धाकटी, दिपाली, तशीच गेली.

त्या नंबरमागचा प्रोग्राम आमच्याच सर्व्हरवर आहे, आणि तो बत्तीस बिटशिवाय चालत नाही. लिहिणारा वारला, मूळ लिखाण कुणाकडं नाही. तीन रविवार मी डोकं आपटून घेतलं. नव्यानं करायला सहा महिने तरी पाहिजेत, आणि साप काय आमच्यासाठी थांबणार आहेत?

मुदत मिळायला एकच वाट होती. ग्राहकानं स्वतः लिहायचं, आम्हाला हे लागतं म्हणून. माझं, घरच्या माणसाचं, चालत नाही.

"मामा, दोन ओळी लिहा ना. हात जोडते."

"कामून लिहू? चालून राहिलं ना समदं? छत्तीस वर्षं खात्यात काढली म्या. अर्ज केला की चौकशी लागती, अन् चौकशी लागली की कुलूप."

"अहो, नोटीस आलीय तुम्हाला!"

"नोटीस समद्यालाच येती. जो उत्तर देतो तोच फसतो. तू लहान हायस, तुला न्हाई कळायचं."

माझं डोकंच फिरलं. चाळिशी आली, आणि लहान! ओरडले, रडले, शेवटी दिपालीची शपथ घातली. घालायला नको होती.

"बरं," मामा म्हणाले. "लिहितो."

पाचला दहा कमी असताना मेल आला, मला आणि आमचे टीम लीड वीरेश यांनाही. कागदाचा फोटो होता. मोत्यासारखं अक्षर, खाली सही आणि गोल शिक्का.

"मा. साहेब, आमचा सर्व्हर व्यवस्थित चालू आहे. आमची काहीएक तक्रार नाही. आम्हास मुदतवाढ अगर अन्य काही नको आहे. कळावे."

अरे देवा! मी मामांना फोन लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. या वेळेला मामा रोज एकेका दवाखान्याला फोन करून किती इंजेक्शनं उरली ते विचारतात. मी बारा वेळा लावला.

वीरेश वाईट माणूस नाही. मीटिंगमध्ये मी दिपालीचंसुद्धा सांगितलं, ते त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"तनुजा, मला फार वाईट वाटतंय. पण ग्राहक स्वतः सहीनिशी म्हणतोय, मुदत नको. वर मी काय दाखवू?"

बंद करायच्या बाजूनं हात वर झाले. माझा एकटीचा खाली राहिला. एकतीस मार्च ठरली.

साडेपाचला मामांचाच फोन आला. आवाज अगदी मोकळा होता.

"भेटलं का पत्र? आता कुणी बोट ठिवायचं न्हाई बघ. अन् ऐक, नायगावला चार उरलीत, भोकरात अकरा. सांगून ठिवलं मशीनला. तू चहा घेतलास का न्हाई?"

मला सांगवेना. "हाव मामा," म्हणाले, "घेतला."