पट्टीवाली तार

मी बोलतोय. इकडे, खिडकीच्या डाव्या अंगाला बघा. कपाट समजून मघाशी तुम्ही ज्याच्यावर पिशवी टेकवलीत ना, तो मीच. कपाट नाही, स्पीकर आहे मी. उंची माणसाच्या छातीपर्यंत, आणि वजन असं की एकट्याने उचलायला गेलात तर चार दिवस कंबर धरून बसाल. खिडकीच्या उजव्या अंगाला उभा आहे तो माझा जुळा भाऊ. आजवर आमच्या तोंडून लोकांचंच गाणं-बजावणं गेलं, आज जरा माझं ऐका.

आमचा जन्म कुठल्या कारखान्यातला नाही. एक चपलांचं दुकान बंद पडलं, तिथल्या फळ्या फेकायला काढल्या होत्या, त्या फळ्यांची आमची अंगं. तोंडातले मोठे कागदी पडदे भंगारवाल्याकडचे. माझा पडदा फाटलेला होता, तो पातळ कागद आणि गोंद लावून सांधला. पोटात आवाज घुमू नये म्हणून जुन्या रजईचा कापूस भरला. बाजारात आमच्या मापाचे स्पीकर घ्यायचे तर या घराला ते सात जन्मांत जमलं नसतं. म्हणून ते घरी बनले, जे हाताला लागलं त्यातून.

बनवले कोणी, ते सांगतो. हे घर ताईंचं. त्यांचा नवरा गाड्यांच्या गॅरेजात वायरिंगचं काम करतो. त्याला ताईंचा धाकटा भाऊ भावोजी म्हणतो, म्हणून मीही भावोजीच म्हणतो. आणि त्या भावाला भावोजी मेहुणेबुवा म्हणतात. लाडाने नव्हे, टोमणा म्हणून. मेहुणेबुवांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आता दुरुस्त कोण करून घेतं? बिघडलं की फेकलं. दुकान बंद झालं आणि स्वारी बहिणीकडे राहायला आली.

तेव्हापासून या दोघांचं काही जमेना. भावोजींना सगळं झटपट हवं. मेहुणेबुवा एकेका स्क्रूशी चहा गार होईपर्यंत गप्पा मारणार. एक म्हणणार, फळी अशी काप, दुसरा म्हणणार, तशी काप. शेवटी ताई वैतागल्या.

"असं करा," त्या म्हणाल्या, "एक तुम्ही बनवा, एक तो बनवेल. माप एकच ठेवा म्हणजे झालं. आणि माझं डोकं खाऊ नका."

झालं. मला भावोजींनी बनवलं आणि माझ्या भावाला मेहुणेबुवांनी. एकाच फळीचे आम्ही, पण बाप दोन. अ‍ॅम्प्लिफायरपासून आमच्यापर्यंत आणायच्या तारांचं वेटोळं मात्र एकच होतं. दोन तारा जोडीने चिकटलेल्या, त्यातल्या एकीवर पांढरी पट्टी. यातच सगळी गोम होती, पण तेव्हा ती कुणाच्या लक्षात आली नाही.

एकेकटं वाजवून पाहिलं तेव्हा आम्ही दोघेही ठणठणीत. माझा आवाज निघाला तशी भावोजींची छाती फुगली. भाऊ वाजला तेव्हा मेहुणेबुवा नुसते मिशीत हसले. त्यावरून भावोजी दिवसभर धुमसत होते.

आता मुद्द्याचं. ताईंच्या माहेरचं म्हणावं असं माणूस या भावाशिवाय कुणी उरलेलं नव्हतं. आणि भाऊ चालला होता. लांबच्या गावी एका गोदामात नोकरी मिळत होती, दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. एवढ्या लांब, की गेला म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी तोंड दिसणार. ताईंनी अडवलं नाही, कारण अडवायचं कशाच्या जोरावर? घरात बसून राहा, असं थोडंच सांगणार होत्या? एकच आशा होती. वरच्या मजल्यावर ऑपरेटरकाका राहतात. उभी हयात थिएटरात मशीन चालवण्यात गेलेला माणूस, कान त्यांचा पक्का. त्यांना घरी असेच मोठे स्पीकर हवे होते, आणि त्यांच्या ओळखीतल्या आणखी काहींना. त्या संध्याकाळी ते आम्हाला ऐकायला येणार होते. त्यांना पसंत पडलं तर मेहुणेबुवांना इथेच हाताला काम मिळणार होतं. नाही पडलं तर सकाळची गाडी.

दुपारी आम्हाला पहिल्यांदा जोडीने वाजवलं आणि सगळंच फसलं.

काय सांगू तुम्हाला! मी जीव खाऊन हवा पुढे ढकलावी, तर त्याच क्षणी माझा भाऊ ती मागे ओढतोय. त्याने ढकलली की मी ओढतोय. मधल्या मधे सगळा दम गायब. ढोल वाजतोय की कुणी पुठ्ठ्यावर टिचक्या मारतंय ते कळेना. गाणारा समोर आहे की मोरीत, तेही कळेना. दोन दांडगट पैलवान, आणि आवाज खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून आल्यासारखा.

"तुझं खोकं फुसकं आहे," भावोजी म्हणाले.

"माझं? मघाशी एकटं वाजत होतं तेव्हा खिडकीच्या काचा कोणी हलवल्या? तुमच्या पडद्याला ठिगळ आहे भावोजी, ठिगळ!"

"ठिगळ गेलं खड्ड्यात. काकांसमोर हे वाजवायचं? अब्रू जाईल माझी."

"तुमची अब्रू? उद्या गाडी मला पकडायची आहे."

मला ओरडावंसं वाटत होतं, अरे बाबांनो, आमच्या पाठीमागे बघा! पण स्पीकरच्या तोंडून दुसऱ्याचंच बोलणं निघतं. माझ्यातून कुठलंसं प्रेमगीत चाललं होतं, तेही पोकळ.

ताई आतून तरातरा आल्या. "बंद करा ते आधी, खाली लोक झोपलेत," असं म्हणत त्या आमच्या मधे उभ्या राहिल्या. आम्हाला तेव्हा जवळजवळ ठेवलं होतं. गप्प बसवायला त्यांनी एक हात माझ्या पडद्यावर ठेवला, दुसरा भावाच्या. आणि तशाच थांबल्या.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "हा हाताला ढकलतोय आणि हा हातापासून पळतोय."

भावोजींनी आणि मेहुणेबुवांनी एकदमच आम्हाला वळवून आमच्या पाठी पाहिल्या. भावोजींनी पट्टीवाली तार मायनसला लावली होती. मेहुणेबुवांनी प्लसला.

"पट्टीवाली म्हणजे मायनस," भावोजी म्हणाले. "उभ्या जन्मात मी दुसरं काही केलेलं नाही. विचारा आमच्या गॅरेजात."

"आमच्या दुकानात पट्टीवाली म्हणजे प्लस. माझ्या उस्तादांपासून तेच चालत आलंय."

"म्हणजे चूक तुझी."

"चूक कशी? तुमचीही नाही, माझीही नाही. एकाने आपली तार फिरवली की संपलं."

"मग फिरव."

"तुम्ही फिरवा की."

बघा, इतकं सोपं होतं. कुणीही आपली तार उलटी केली असती तरी चाललं असतं, आम्हा दोघांना त्याचं काहीच नव्हतं. पण जो फिरवेल त्याचं चुकलं होतं, असा अर्थ या दोघांनी काढून ठेवला. ताईंनी कपाळावर हात मारला. काकांना थोडं उशिरा बोलवावं म्हणून त्या वर निघून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "मी येईपर्यंत ठरवा काय ते. मला तुमच्यात ओढू नका." त्यांचा आवाज मात्र ओला होता. दोघांनीही ते ऐकलं, हे मी पैजेवर सांगतो.

मेहुणेबुवा फणकाऱ्याने बॅग भरायला आतल्या खोलीत गेले.

खोलीत भावोजी एकटे उरले. बराच वेळ हाताची घडी घालून माझ्याकडे पाहत बसले. मग उठले, आतल्या खोलीच्या दाराकडे एक नजर टाकली आणि हळूच माझ्या पाठीमागे बसले. "उद्या चाललंय पोरगं," ते पुटपुटले, "जाताना तोंड पाडून कशाला जाऊ दे." त्यांनी माझ्या दोन्ही तारा सोडवल्या आणि अदलाबदल करून लावल्या.

मला काय हायसं वाटलं! इतका वेळ छातीवर कुणी बसलेलं उठावं तसं. या हट्टी माणसाने एवढं करावं? मला त्यांचा अभिमान वाटला. वाजवून मात्र पाहिलं नाही त्यांनी. वाजवलं असतं तर मेहुणेबुवांना कळलं असतं की हार कुणी खाल्ली. चोरासारखे चपला घालून ते दूध आणायला खाली गेले.

जिन्यातला पायरव थांबला नाही तोच आतलं दार किलकिलं झालं. मेहुणेबुवा बाहेर आले. इकडेतिकडे पाहिलं आणि थेट माझ्या भावाच्या पाठीमागे गेले.

नको! मी मनातल्या मनात बोंबललो. अहो मेहुणेबुवा, नको! झालंय ते! माझी पाठ बघा एकदा, फक्त मान वळवा!

त्यांनी मान वळवली नाही. "ताईसाठी," असं म्हणाले आणि तार फिरवली. वर पट्टी आत मुडपून ठेवली, कुणाला दिसू नये म्हणून. मग तेही साळसूदपणे बॅग भरायला निघून गेले.

आम्ही दोघे पुन्हा जिथल्या तिथे. पुन्हा एकमेकांच्या विरुद्ध. आणि आता तर दोघांचीही खात्री, की सगळं ठीक आहे. मी भावाकडे पाहिलं, भावाने माझ्याकडे. आमच्याइतकं लाचार त्या घरात कुणी नव्हतं. बाहेर ऊन उतरत चाललं होतं आणि जिन्यात काकांच्या काठीची टकटक सुरू झाली होती.

काका आले, खुर्चीत बसले. चहा झाला. भावोजी भलतेच खुशीत, मेहुणेबुवाही. ताई दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होत्या, या दोघांना झालंय काय ते त्यांना उमगेना.

"लावा," काका म्हणाले.

लावलं. तोच पुठ्ठा, तीच टिचकी, तीच खोकल्याची बाटली.

काकांनी मान तिरकी केली. उठून जरा जवळ आले, पुन्हा मागे गेले. त्यांच्या चेहऱ्यावर ते सभ्य हसू आलं, जे लोक दुसऱ्याच्या घरचं बेचव जेवण जेवताना आणतात. "मोठे आहेत," ते म्हणाले. "मेहनत दिसतेय." आणि त्यांचा हात काठीकडे गेला.

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. त्या मुठीकडे मला बघवेना.

"थांबा काका!" भावोजी ओरडले. मग मेहुण्यावर वळले. "काय केलंस तू? कशाला हात लावलास?"

मेहुणेबुवा चाचरले. "मी... मी माझी तार फिरवली. तुम्ही दुधाला गेलात तेव्हा."

"अरे गाढवा! त्याच्या आधी मी माझी फिरवली होती!"

मेहुणेबुवांनी तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. दुपारपासून एकमेकांच्या उरावर बसणारे ते दोघे बाप्ये शाळेत शिक्षा झाल्यासारखे उभे होते. ताईंना आधी हसू फुटलं, मग रडू, मग दोन्ही एकदम.

"आता हात मागे बांधा दोघांनी," त्या म्हणाल्या. "खबरदार कुणी हललात तर."

त्या आमच्याकडे आल्याच नाहीत. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे गेल्या आणि माझ्याकडे येणाऱ्या तारा तिथे उलट्या लावल्या. ना नवऱ्याच्या खोक्याला हात, ना भावाच्या. मग त्यांनीच बटण दाबलं.

आणि आम्ही वाजलो. जन्मात पहिल्यांदा मी ढकललं तेव्हा भावाने माझ्याबरोबर ढकललं. जमीन थरथरली, चहाच्या कपबश्या वाजल्या, काकांच्या काठीची मूठ त्यांच्याच हातात हलायला लागली. गाणारी बाई बरोबर आम्हा दोघांच्या मधे, खिडकीत येऊन उभी राहिली. काका सावकाश खाली बसले. गाणं संपेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"यातला कुणी कुठला केलाय?" त्यांनी विचारलं.

मेहुणेबुवांनी बोट उचललं, पण भावोजी आधी बोलले. "आठवत नाही काका. दोघांनी मिळूनच केलेत दोन्ही."

साफ खोटं. माझ्या अंगातला एकूण एक स्क्रू भावोजींच्या हातचा आहे, आणि ते आदल्या दिवसापर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला ठणकावून सांगत होते. मेहुणेबुवांनी बोट खाली घेतलं.

"मलाही असेच हवेत," काका म्हणाले. "किती दिवस लागतील?"

भावोजींनी मेहुण्याकडे पाहिलं. ताईंनी तर पाहिलंही नाही, त्या कपबश्या गोळा करत होत्या, एक कप दुसऱ्यात, तोच कप पुन्हा बाहेर. मेहुणेबुवा जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, आता हा उद्याच्या गाडीचं बोलणार.

"घाई नाही ना, काका?" ते म्हणाले. "सावकाश करू. चांगलं करू."

ताई कपबश्या घेऊन आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. कुणी हाकही मारली नाही.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मागच्या बाजूच्या गॅलरीत दोघांचं काम चालतं, भांडणं त्याहून जोरात चालतात. आमच्या मागून किती जोड्या बनून गेल्या. आम्ही मात्र इथेच. माझ्या पडद्याची कडा तडकली आहे, भावाचा आवाज जरा बसला आहे, आणि लोक आमच्यावर पिशव्या ठेवतात. तुमची ठेवा, चालेल. फक्त कडा फाटली म्हणून आम्हाला भंगारात देऊ नका, नवी बसवता येते.

आणि तुमच्या घरी कधी दोन धडधाकट माणसं एकत्र येऊन आवाज पोकळ निघायला लागला, तर कुणाचं खोकं फुसकं ते शोधत बसू नका. एकाने तार फिरवा. आणि फिरवलीत, तर समोरच्याला तसं सांगा. त्या दुपारी मला ते सांगता येत नव्हतं. तुम्हाला येतं.