धोतराचे दोन तुकडे

ठकूबाईंनी जुनं धोतर फाडलं, दोन्ही तुकडे एकावर एक धरून कडा जुळल्याची खात्री केली आणि मगच सुनांना तोंडाला बांधायला दिले. कडाव गावातल्या त्या घरात वाटणी अशीच व्हायची. बांगड्या असोत की बोंबील, थोरल्या जनीला निम्मं, धाकट्या शकूला निम्मं. आपल्यासारखी चोख सासू पंचक्रोशीत नाही, हे ठकूबाई स्वतःच सांगत.

शकू खळ्यात भात वारवत होती. जनीला क्षय; तिला धुळीपासून लांब, उन्हात गोणी शिवायला बसवलं होतं. खोकत होती ती मात्र शकू.

"धाकटे, तुज्या खोकल्यानंच कोंडा उडतोय. वाऱ्याची गरजच नाय," ठकूबाई म्हणाल्या.

शकू हसली आणि पुन्हा खोकली.

दुपारी दोघींनी घाम, डोळे पुसून फडकी दोरीवर टाकली. ती झटकायला उठलेल्या ठकूबाई तिथंच थबकल्या. एका तुकड्यावर केशरी डाग होते. जनीला क्षयाची नवी लाल गोळी देताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, घाम, लघवी, डोळ्यांचं पाणी केशरी होईल, त्याला भिऊ नका. डोळे पिवळे दिसले तर मात्र धावत या. तेव्हापासून ठकूबाई रोज सकाळी जनीची पापणी ओढून बघत.

पण केशरी तुकडा शकूचा होता. जनीचा नुसता मातकट.

दोन्ही तुकडे घेऊन त्या जनीपुढे बसल्या.

"आजची गोळी कुनाच्या पोटात गेली?"

जनीची सुई थांबली. "तिच्या. एक दिस माजी, एक दिस तिची. दिवाळीपासनं खोकतेय ती. म्हनाली, कळलं तर म्हायेरी धाडतील."

"आन् तू दिलीस?"

"तुमीच सांगता ना आत्याबाय, घरात येईल त्यातलं निम्मं धाकटीचं."

ठकूबाईंनी खाली पाहिलं. हातातल्या तुकड्यांच्या कडा अजून नीट जुळत होत्या.

"अगं येडे, एक दिसपन चुकवू नका म्हनाली व्हती ना ती बाई? रोग सरावतो, मग गोळीला जुमानत नाय. निम्म्यानं तुजंबी भागत नाय, तिचंबी नाय. दोघी जाल की गं माज्या."

शकूचा नवरा पदू गोणी उचलायला आला होता. "काय झालं, आये?"

"उद्या दोघींना घिऊन दवाखान्यात जाते."

"वैनीचं ठीक. शकूला कशाला?"

शकूने सूप छातीशी धरलं.

"थोरलीला रोज अख्खी गोळी, मग धाकटीला नको? वाटनी सारखी झाली पायजे."

पदू बायकोकडे बघत राहिला. "तवर म्हायेरी ठेवायची का तिला?"

"तिथं पापन्या कोन बघनार तिच्या? तुजी सासू? तिला दिसतंय कुठं!"

सकाळी एसटीला निघण्याआधी दोघी ओटीवर शेजारी बसल्या. ठकूबाईंनी जनीची पापणी ओढून पाहिली, मग शकूची. शकूची बराच वेळ.

"आत्याबाय," जनी म्हणाली, "तिच्या वाट्याला जास्त आलं."

"गप गं."

आणि त्यांनी पुन्हा जनीची पापणी ओढली.