राक्षसाचे डोळे
"बोलू नको वं, डोळे करून राहिलो," जितेंद्र म्हणाला आणि त्यानं श्वास रोखला.

देवकी दारातच थांबली. नवऱ्याचं कोपर उशीवर टेकलेलं, उजव्या हातात ब्रश, डाव्या हातानं ते मनगट आवळलेलं आणि समोर वीतभर उंचीचा प्लास्टिकचा राक्षस. एका परदेशी सिनेमात तो समुद्रातून वर येऊन दीपगृह गिळायचा. जितेंद्रचे वडील टॉकीजमध्ये डोअरकीपर होते. पडद्यावर राक्षस आला तेव्हा लहानग्या जितेंद्रनं त्यांच्या खाकी बाहीत तोंड लपवलं होतं. वडील म्हणाले होते, "त्याच्या डोळ्यात पाह्य, भेव जाते."

पुढं कळमेश्वरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळता सांभाळता त्यानं सिनेमातल्या पात्रांची किटं जमवली. सुटे भाग जोडायचे, रंगवायचे. हिवाळ्यात एखादं किट व्हायचं. बाकीची, हा राक्षससुद्धा, रिटायर झाल्यावर निवांत करू म्हणून तशीच सीलबंद. कपाट भरत गेलं. अखेर रिटायरमेंट आली, ती कंपवाताला सोबत घेऊनच. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, अशी गत झाली. थरथर वाढतच जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

कपाटाची आशा त्यानं सोडून दिली. पण वडिलांचा राक्षस आपल्याच हातानं व्हावा, एवढं एकच मागणं उरलं होतं. हिवाळ्यापर्यंत थांबायची हिंमत नव्हती, म्हणून ऐन मे महिन्यात खोका फोडला. गोळी घेतल्यावर हात जरा शहाण्यासारखा वागायचा, तेवढ्यात काम उरकायचं. ब्रशचं टोक तो ओठांनी जुळवून घ्यायचा. रंग पोटात जाईल म्हणून देवकी लग्नापासून त्यावरून बोलत आली होती.

आज दुसऱ्या डोळ्यात काळा ठिपका बसला, अगदी जिथं हवा तिथं. राक्षस एकदम बघायला लागला. जितेंद्रनं त्याच्या डोळ्यात बघितलं. मग कूलर बंद करून त्यानं राक्षसाच्या अंगभर वार्निशचा फवारा मारला. ओली हवा लागली तर वार्निश पांढरं पडतं. हिवाळ्यात कूलर गच्चीवर झाकलेला असायचा, त्यामुळं हे घरात कुणाला सांगायची कधी वेळच आली नव्हती. घामानं निथळत तो आतल्या खोलीत जाऊन आडवा झाला. दमला होता, डोळा लागला.

जाग आली ती कूलरच्या घरघरीनं. खसच्या ओल्या ताट्यांचा गारवा खोलीत शिरला होता.

तो धडपडत बाहेर आला. देवकीनं राक्षस ठेवलेलं स्टूल नेमकं कूलरपुढं सरकवलं होतं. राक्षसावर दुधाळ थर धरला होता आणि डोळे मोतीबिंदू झाल्यासारखे आंधळे.

"मले वाटलं, हवेनं लवकर वाळन," देवकी म्हणाली. त्याचा चेहरा पाहून तिचा आवाज खाली गेला.

तो रागावला नाही. रागवायलाही अंगात बळ लागतं. त्यानं घाईनं ब्रश उचलला, काळ्या रंगात बुडवला, टोक ओठांकडं नेलं. हात भरकटला आणि गालावर काळी रेघ उमटली. पुन्हा नेलं, पुन्हा चुकलं. देवकी आज त्यावरून काही बोलली नाही.

"मी हात धरते ना तुमचा. पुन्हा करून पाहू."

"माह्याच्यानं आता नाही होत, देवकी."

तिनं पदरानं गालावरची रेघ पुसायला घेतली. रंग पसरला, निघाला नाही. ती रडायला लागली, तेव्हा तोच तिला म्हणाला, की तुझी चूक नाही, मीच सांगितलं नव्हतं.

मग त्यानं ब्रश धुतला, बराच वेळ धुतला. टोकावर बसवायची प्लास्टिकची बारीक नळी शोधली. ती बसवायला देवकीनं हात पुढं केला, तेव्हा त्यानं नकारार्थी मान हलवली.

"टोक जपा लागते," तो म्हणाला.

नळी एकीकडं जात होती, ब्रश दुसरीकडं. देवकीनं कूलर बंद केला आणि त्याच्याजवळ बसून राहिली.